समुद्रापारची ठरलेली वेळ



आमच्या घरी फडताळावर एक ट्रान्झिस्टर असायचा, कापडाची खोळ घातलेला. दिवसा त्यावर सांगली केंद्र लागायचं. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव झाले की आजी तो बंद करायची, सेल वाचवायला. पण रात्री जेवणं आटोपल्यावर काटा जरा इकडेतिकडे सरकला की त्यातून भलतंच काही यायचं. न कळणारी भाषा, कुठलंसं गाणं. मध्येच मोठं व्हायचं, मध्येच विरून जायचं. आजी म्हणायची, "रात्री रेडिओला पाय फुटतात."

आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं हे म्हणणं अगदी खरं आहे. शंभर वर्षांपूर्वी काही हौशी लोकांनी याच रात्रीच्या पायांवर भरवसा टाकून अटलांटिक महासागर ओलांडायचं ठरवलं होतं. आज त्यांची गोष्ट सांगते.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. दोरीचं एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून हलवा. सावकाश हलवलंत तर मोठे, लांब हेलकावे पडतात. भराभर हलवलंत तर बारीक बारीक. रेडिओच्या लहरींचंही तसंच. आपल्या सामुदायिक रेडिओची एफएम लहर सेकंदाला नऊ कोटींच्या आसपास हेलकावे घेते. तिचा एक हेलकावा जेमतेम सव्वातीन मीटरचा, नऊवारी लुगड्याच्या निम्म्याएवढाही नाही. ही लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की अडते, म्हणून आपला आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या गावांपुरता. सांगली केंद्राची मीडियम वेव्ह लहर सेकंदाला साडेबारा लाख हेलकाव्यांची, एकेक हेलकावा २४० मीटर लांब. हिला म्हणायचं कमी कंपनांची, म्हणजे सावकाश हलणारी लहर. हा २४० चा आकडा जरा लक्षात ठेवा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या जाणत्यांचा असा ठाम समज होता की लहर जितकी लांब, तितकी ती दूर जाणार. त्यामुळे आरमारं आणि बिनतारी संदेशांच्या कंपन्या हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरायच्या. त्यासाठी उंचच उंच मनोरे आणि कारखान्याएवढी यंत्रं लागायची. अमेरिकेत त्याच काळात घराच्या माळ्यावर, गोठ्याशेजारच्या खोपीत स्वतः यंत्रं जोडून तारेच्या कडकट्ट भाषेत एकमेकांशी बोलणारी हौशी मंडळी वाढत चालली होती. त्यांची मोठ्यांना अडचण होऊ लागली. १९१२ साली तिथे कायदा झाला: हौशींनी २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवरच राहायचं.

आपल्याकडच्या वाटणीसारखंच झालं हे. काळी जमीन मोठ्याच्या नावावर आणि बरड माळ धाकट्याला. २०० मीटरच्या खाली काही पिकत नाही, असं सगळे धरून चालले होते. हौशींच्या हाती तेवढीच वीज आणि तेवढीच लहर, मग एकाचा निरोप दुसऱ्याने घ्यायचा, पुढच्या गावाला द्यायचा, असं करत ते देशभर निरोप पोचवायचे. हायरम पर्सी मॅक्सिम नावाच्या गृहस्थाने १९१४ साली यासाठी त्यांची एक संघटनाच उभी केली. मग पहिलं महायुद्ध आलं, हौशींची यंत्रं बंद पडली, युद्धानंतर पुन्हा सुरू झाली. आणि आता त्यांच्या मनात आलं की बरड तर बरड, हिच्यावरून समुद्र ओलांडता येतो का ते बघू.

पहिला प्रयत्न १९२१ च्या फेब्रुवारीत झाला. अमेरिकेतल्या निवडक स्टेशनांनी ठरलेल्या रात्री संदेश पाठवले. इंग्लंडमधले हौशी कान टवकारून बसले. पदरात काही पडलं नाही.

आता इथे खरी मेख होती. काही ऐकू आलं नाही, पण का? हाक पोचलीच नाही, की ऐकणाऱ्याचा कान कमी पडला? आपण ओढ्यापलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारतो आणि ओ येत नाही, तेव्हा आपल्यालाही हाच प्रश्न पडतो ना? हाक पोचतच नसेल तर बरड जमिनीबद्दल मोठ्यांचं म्हणणं खरं, आणि गप्प बसायचं. कान कमी पडला असेल तर मात्र अजून आशा आहे.

मॅक्सिमच्या संघटनेने यावर जो निर्णय घेतला तो मला फार आवडतो. त्यांनी आणखी मोठं यंत्र बांधायला पैसा घातला नाही. त्यांनी एक माणूस समुद्रापार पाठवायचं ठरवलं, बोलायला नाही, ऐकायला. न्यू जर्सीचा पॉल गॉडली हा संदेश पकडणारी यंत्रं बनवण्यात तरबेज म्हणून नावाजलेला. नोव्हेंबर १९२१ मध्ये तो आपली यंत्रं पेट्यांत भरून 'अक्विटेनिया' बोटीने निघाला. इंग्लंडमधल्या हौशींना हे थोडं लागलं असणार. आमचे कान वाईट आहेत, असाच त्याचा अर्थ होत होता.

तारखा ठरल्या ७ ते १६ डिसेंबर. डिसेंबरच का? तर रात्री मोठ्या असतात म्हणून. आणि थंडीत विजा कमी कडाडतात. वीज कडाडली की मीडियम वेव्हवर खरखर होते, पावसाळ्यात आपल्याकडेही मॅच ऐकताना अनुभवलंय ते. या कमी कंपनांच्या लहरींना ती खरखर फार बाधते. लांबून आलेला बारीक आवाज तिच्यात पार बुडून जातो.

आणि रात्रच का? याचं उत्तर तेव्हा कुणाला नीट सांगता येत नव्हतं. त्यांना ते अनुभवानेच माहीत होतं, आजीला होतं तसंच. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक विरळ थर आहे. दिवसा उन्हाने तो असा काही भारावतो की मीडियम वेव्हची वर चढणारी लहर तो पिऊन टाकतो, कोरड्या फडक्याने पाणी टिपावं तशी. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर आणखी वरच्या थरापर्यंत जाऊन तिथून पुन्हा जमिनीकडे वळते. मग समुद्रावर आपटून पुन्हा वर. अशा उड्या घेत ती हजारो किलोमीटर जाते. वरचा थर खरोखर आहे हे इंग्लंडमध्ये ॲपलटन आणि बार्नेट यांनी प्रयोगाने दाखवलं ते डिसेंबर १९२४ मध्ये. म्हणजे आपली ही गोष्ट घडून गेल्यावर तीन वर्षांनी.

पण नुसती आपल्याकडे रात्र असून चालत नाही. समुद्राच्या दोन्ही काठांवर आणि मधल्या सगळ्या पाण्यावर एकाच वेळी अंधार हवा. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा स्कॉटलंडमध्ये मध्यरात्र असते. न्यूयॉर्कला रात्रीचा एक, तर तिकडे सकाळचे सहा, आणि डिसेंबरात तिथे त्या वेळीही मिट्ट काळोख. हे सहा तास मिळाले. या सहा तासांचं वेळापत्रक बांधलं गेलं. सुरुवातीचा वेळ सर्वांसाठी मोकळा, पुढचा वेळ निवडक स्टेशनांना वाटून दिलेला. शेकडो जण एकदम ओरडले तर कुणाचंच ऐकू येत नाही, हे ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही कळेल.

निवडक स्टेशनांना गुप्त अक्षरं दिली होती, पाठवायच्या वेळी तीच पाठवायची. गॉडलीने "अमुक स्टेशन ऐकलं" एवढंच म्हणून भागणार नव्हतं. त्याच्या वहीत त्या स्टेशनाची अक्षरं उतरलेली हवीत. शिवाय त्याच्याबरोबर साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा पिअरसन नावाचा माणूस बसला. बचत गटाच्या बैठकीत रक्कम एकीने मोजायची आणि दुसरीने पुन्हा मोजायची, तेव्हाच सही करायची, तशातलं हे. मनात जे हवं असतं ते कानाला खरखरीतही ऐकू येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

गॉडलीने आधी लंडनजवळ ऐकून पाहिलं. ते त्याला पसंत पडलं नाही. मग तो उत्तरेला स्कॉटलंडमध्ये गेला, ग्लासगोच्या नैऋत्येला समुद्रकाठी आर्ड्रोसन नावाच्या गावी. गावाबाहेर मोकळ्या रानात त्याने तंबू ठोकला. एरियल म्हणून त्याने उंच मनोरा नाही उभारला. सुमारे ८५० फूट लांबीची तार, पुरुषभर उंचीच्या दुप्पट उंचीवर, ओळीने रोवलेल्या खांबांवरून अमेरिकेच्या दिशेने ताणली. द्राक्षबागेतल्या तारेसारखी लांबच लांब. अशी तार जिकडे ताणलेली असते तिकडचा आवाज घेते आणि बाजूची बरीचशी खरखर सोडून देते. मोठा आवाज नको, स्वच्छ आवाज हवा, हा त्यामागचा विचार.

थंडी, पाऊस, वारा. ओल्या तंबूत दोन माणसं कानाला यंत्रं लावून बसलेली. पहिल्या रात्री एक अमेरिकी स्टेशन अंधुकसं लागलं. काळजाचा ठोका चुकला असेल गॉडलीच्या. पण एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार?

तिकडे अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ग्रिनिच गावी सहा जणांनी घाईघाईने एक स्टेशन उभं केलं होतं, नाव '१ बीसीजी'. बहुतेक हौशी तेव्हा ठिणगी पाडून संदेश पाठवायचे. त्यात लहर पसरट निघायची, ताकद वाया जायची. या सहा जणांनी काचेचे व्हॉल्व्ह वापरले, त्यामुळे लहर एकाच जागी घट्ट. लांबी सुमारे २३० मीटर. आपला २४० चा आकडा आठवा. आमच्या फडताळावरच्या ट्रान्झिस्टरवर सांगलीच्या काट्यापासून बोटभरही अंतर नाही. आणि वीज किती? सुमारे एक किलोवॅट. आपल्या घरातल्या इस्त्रीला लागते तेवढी.

११ डिसेंबरची रात्र, स्कॉटलंडमध्ये १२ तारखेची पहाट. तीनच्या सुमाराला आर्ड्रोसनच्या तंबूत '१ बीसीजी'चा संपूर्ण संदेश उतरवला गेला. गॉडलीच्याच नावाने पाठवलेला, बारा शब्दांचा, अभिनंदनाचा, खाली त्या सहा जणांची नावं. आखूड लहरीवरून हौशींनी पाठवलेला पुरा संदेश अटलांटिक ओलांडून गेल्याची ही पहिली वेळ. गॉडलीकडे उलट उत्तर द्यायला यंत्र नव्हतं. "ऐकलं" हे कळवायला त्याला समुद्राखालून टाकलेल्या केबलचाच आधार घ्यावा लागला.

त्या दहा रात्रींत त्याने अमेरिकेची दोन डझनांहून जास्त स्टेशनं ऐकली. आणि गंमत म्हणजे, या वेळी इंग्लंडमधल्या काही हौशींनीही आपापल्या घरी बसून ती ऐकली. म्हणजे कान काही इतके वाईट नव्हते. फेब्रुवारी आणि डिसेंबर यांच्यामधला मोठा फरक तयारीचाच होता, असं मला वाटतं.

त्या सहा जणांत एडविन आर्मस्ट्राँग होता, त्याचं नाव आपण घ्यायलाच हवं. गॉडलीने तंबूत वापरलेल्या यंत्राची युक्ती त्याचीच. पुढे १९३३ साली एफएमचं पेटंट त्याला मिळालं, ज्या एफएमवर तुम्ही आत्ता माझं बोलणं ऐकताय. मोठ्या कंपन्यांशी कज्जे करता करता तो खचला आणि १९५४ मध्ये त्याने जीव दिला. त्याची बायको मॅरियन हिने ते कज्जे सोडले नाहीत. एकेक करत १९६७ पर्यंत ती सगळे जिंकली. एफएमच्या इतिहासात हिचं नाव शोधावं लागतं. असो.

पुढच्या वर्षी, १९२२ च्या डिसेंबरात, युरोपात तीनशेहून जास्त अमेरिकी स्टेशनं ऐकली गेली. पण अजून दोन्हीकडून बोलणं झालं नव्हतं. ते जमवलं फ्रान्समधल्या नीस शहराच्या लेऑन दलॉय याने. तो १९२३ च्या उन्हाळ्यात स्वतः अमेरिकेला गेला, तिथल्या हौशींना भेटला, त्यांची यंत्रं पाहिली, घरी परतून आपलं यंत्र तसं बांधलं. मग त्याने तार केली: २५ नोव्हेंबरपासून, १०० मीटरवर, रात्री नऊ ते दहा. एवढंच. कुठे ऐकायचं आणि केव्हा ऐकायचं. पलीकडे फ्रेड श्नेल आणि जॉन रायनार्ट्झ यंत्रापाशी बसले आणि दलॉयचा आवाज त्यांना लगेच लागला. श्नेलला १०० मीटरवर पाठवायची खास परवानगी काढावी लागली. ती मिळाली आणि महिनाअखेरीच्या त्या रात्री समुद्राच्या दोन काठांवरचे हौशी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, विचारलं आणि उत्तर मिळालं. बरड जमिनीत जितकं खाली खणावं तितकं पाणी लागत होतं. मग सरकारं आणि कंपन्याही धावत आल्या, पण तो वेगळा इतिहास.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, यात बाई कुठे आहे? संदेश पाठवणारे पुरुष, ऐकणारे पुरुष, सहीला पुरुष. मलाही तेच वाटत होतं. म्हणून आता पार दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडला जाऊ.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो भागात शॅग व्हॅली म्हणून मेंढपाळीचं एक मोठं शेत आहे. तिथल्या बेल कुटुंबातला फ्रँक पहिल्या महायुद्धात आजारी पडून १९१७ साली घरी परतला आणि रेडिओच्या नादाला लागला. त्याचं स्टेशन '४ एए'. आसपास शहराची गर्दी नाही, विजेच्या यंत्रांची खरखर नाही. आर्ड्रोसनच्या रानासारखीच जागा, फक्त ही घरचीच.

पण इथलं गणित अवघड होतं. इंग्लंड आणि न्यूझीलंड पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना. एकाचा हिवाळा तेव्हा दुसऱ्याचा उन्हाळा. दोघांना एकदम लांब रात्र मिळणं शक्यच नाही. एकाची रात्र तेव्हा दुसऱ्याचा दिवस. मग वेळ उरते ती उजाडण्या-मावळण्याची: लंडनला तांबडं फुटतं तेव्हा शॅग व्हॅलीत दिवस कलतो. आणि महिने उरतात ते दिवस-रात्र सारखे होण्याच्या आसपासचे. १८ ऑक्टोबर १९२४ ला फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर नावाचा विद्यार्थी एकमेकांशी बोलले. अंतर सुमारे १९ हजार किलोमीटर. याहून फार दूर जायला पृथ्वीवर जागाच नाही. आजही कमी कंपनांच्या लहरींवर समुद्रापार बोलू पाहणारे हौशी आधी पंचांग उघडतात, दोन्हीकडचा सूर्योदय-सूर्यास्त लिहून काढतात आणि त्या थोड्या मिनिटांसाठी पहाटे उठून बसतात.

फ्रँकचं नाव जगभर झालं. मग त्याला शेताच्या कारभारात लक्ष घालावं लागलं आणि यंत्राची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीत बसली त्याची थोरली बहीण ब्रेंडा, १८९१ साली जन्मलेली, म्हणजे तेव्हा तिशी ओलांडलेली. कडकट्टची भाषा, व्हॉल्व्ह, एरियल, सगळं तिने हाताळलं. न्यूझीलंडमधली ती पहिली हौशी रेडिओ-स्त्री. आणि १९२७ मध्ये न्यूझीलंडमधून दक्षिण आफ्रिकेशी रेडिओवर पहिल्यांदा बोलणारी व्यक्ती तीच. पहिली बाई नव्हे बरं का, पहिली व्यक्ती. मध्ये अख्खा हिंदी महासागर.

मला नेहमी ती रात्र डोळ्यांसमोर येते. बाहेर मेंढ्या बसलेल्या, घर झोपलेलं, आणि कानाला यंत्र लावून ही बाई कुणीतरी ओ देईल म्हणून ऐकत बसलेली. भावाच्या स्टेशनावर बसली असं लोक म्हणाले असतील. पण समुद्रापारच्या माणसाला कुठे दिसतं खुर्चीत कोण आहे? त्याला येतो तो टिंब आणि रेघेचा आवाज. तो स्वच्छ असला की झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रेंडा बेलने डनेडिन शहरातल्या '४ वायए' या रेडिओ केंद्रावर काम घेतलं. ती तिथे कार्यक्रम लिहायची आणि स्वतः माइकपुढे बसून सांगायची. १९७९ मध्ये ती गेली.

घरात मीडियम वेव्हचा जुना रेडिओ पडला असेल तर नवे सेल घालून बघा. येत्या थंडीत रात्री दहानंतर, घरातले दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून, काटा अगदी हळू फिरवा. काही ऐकू आलं तर तारीख, वेळ आणि काट्याचा आकडा वहीत टिपून ठेवा आणि आपल्या केंद्रावर कळवा. शेजारणीलाही बोलवा ऐकायला, साक्षीदार म्हणून.